चढ आपल्याच श्वासाने चढावा



परवा जळगावकडच्या एका भगिनीचं पत्र आलं. वय त्रेचाळीस, दोन मुलं, घरात सासूबाई. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून त्या पहाटे साडेपाचला बाहेर पडू लागल्या. महिनाभराने चालता चालता मधेच थोडं धावून पाहिलं आणि चक्क आवडलं! पण गल्लीतल्या बायका हसतात. यजमान म्हणतात, "या वयात पी. टी. उषा व्हायचंय की काय?" आणि त्यांच्या रस्त्यावर एक छोटासा चढ आहे. तिथे दम लागला की त्यांना वाटतं, लोक म्हणतात तेच खरं असावं. "ताई, हे सोडून देऊ का?" असं त्यांनी विचारलंय.

नाही हो, सोडू नका. पण एवढंच सांगायचं तर पोस्टकार्ड पुरलं असतं. तुमच्या त्या चढाने मला माझा एक चढ आठवला. त्याची हकीकत सांगते, मग तुम्हीच ठरवा.

मी धावायला लागले ती एक्कावन्नाव्या वर्षी. हौस म्हणून नव्हे, भीतीपोटी. रक्ततपासणीत साखर अगदी उंबरठ्यावर आली होती. आई मधुमेहानेच गेलेली, त्यामुळे तो कागद हातात घेऊन मी किती वेळ नुसती बसून होते. मग नाशिकच्या गोदापार्कात फिरायला जाऊ लागले. लेक सुट्टीवर आली तेव्हा तिने एक युक्ती शिकवली: विजेचा एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं. पहिल्या दिवशी एकाच खांबाला जीव घशाशी आला. महिन्याने दोन खांब पळून एक खांब चालू लागले. वर्षाने पाच किलोमीटर न थांबता होऊ लागले, आणि साखरही उंबरठ्याच्या अलीकडे आली.

घरात विरोध असा नव्हता, पण आमचे हे रोज एक वाक्य ठरल्यासारखं टाकायचे: "गुडघे गेले तर कोण बघणार?" खरं सांगते, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेवटी अस्थिरोगतज्ज्ञांना जाऊन विचारलं. त्यांनी गुडघे तपासले आणि म्हणाले, निरोगी गुडघा बेताच्या धावण्याने झिजतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. वजन वाढलेलं आणि मांड्या कमजोर असल्या की मात्र तो लवकर कुरकुरतो. ज्यांचे गुडघे आधीच सुजतात, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावू नये. हे ऐकून हे गप्प झाले. पटलं म्हणून की नाइलाज म्हणून, ते मी कधी विचारलं नाही.

२०१८ साली उन्हाळ्यात मी लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेले. ती नोकरी करते, जावईही करतात, घरी मी एकटी. आठवड्याने लेक म्हणाली, "आई, जुलैमध्ये एक अर्धमॅरेथॉन आहे. नापा ते सोनोमा, सगळी द्राक्षमळ्यांतून. तुझं नाव घालू?" अर्धमॅरेथॉन म्हणजे एकवीस किलोमीटरच्या वर थोडं. नावनोंदणीची फी ऐकली आणि सवयीने रुपयांत गुणाकार केला. म्हटलं, एवढ्यात वर्षाचा गहू भरून होईल! पण मनात द्राक्षाचं नाव घोळत राहिलं. मी नाशिकची. द्राक्षमळा म्हटला की पाय आपोआप तिकडे वळतात.

आपल्याकडे घरोघर येणारं थॉम्सन द्राक्ष आहे ना, त्याला हे नाव कॅलिफोर्नियातच मिळालं. १८७० च्या दशकात तिथल्या थॉम्सन नावाच्या बागायतदाराने ही बिनबियांची जात वाढवली. मूळ वेल पश्चिम आशियाकडचा. तोच पुढे आपल्याकडे आला, आणि आपल्या बागायतदारांनी त्यातून निवडून तासगावची तास-ए-गणेश आणि सोलापूरकडची सोनाका अशा जाती काढल्या. उलट बाजूनेही नातं आहे. गंगापूर धरणाजवळ १९९७ साली वाइनची द्राक्षं लावून सुला उभी राहिली, तेव्हा सल्ला द्यायला आलेला वाइनतज्ज्ञ सोनोमाचाच होता. म्हणजे मी परमुलखात चालले होते ती एका अर्थी वेलाच्या माहेरी.

लेकीच्या देखरेखीखाली आठ आठवडे तयारी केली. आठवड्यात तीन दिवस धावणं, दोन दिवस नुसतं चालणं, रविवारी एक लांब पल्ला. तो पल्ला दर आठवड्याला थोडाच वाढवायचा आणि चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करायचा. शरीर वाढतं ते विश्रांतीत, कणीक जशी झाकून ठेवल्यावरच मऊ होते!

शर्यतीच्या दिवशी पहाटे साडेतीनला उठलो. मी अंगात लेकीची सैलशी पँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घातला. छोटं मंगळसूत्र आत टाकून पिनेने टाचलं. बांगड्या काढून ठेवताना हात जरा अडखळला, पण एकवीस किलोमीटर किणकिणत जायचं म्हणजे मलाच नको झालं असतं. खाण्यात नवीन काही नाही: एक केळं आणि राजगिऱ्याचा लाडू. खिशात शेंगदाण्याची चिक्की.

शर्यत संपते तिथे गाडी ठेवायची आणि बसने सुरुवातीला जायचं, अशी पद्धत. अंधारात बस चालली होती तेव्हा लेकीने मला बॉबी गिब हिची गोष्ट सांगितली. १९६६ साली तिने बोस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज केला. उत्तर आलं की एवढं अंतर धावणं बाईच्या शरीराला झेपत नाही. ती सुरुवातीच्या रेषेजवळ झुडपात लपली, पुरुष सुटल्यावर त्यांच्यात शिरली आणि ३ तास २१ मिनिटांत पोचलीसुद्धा! वडिलांना वाटलं पोरीचं डोकं फिरलंय. तिला गाडीने सुरुवातीपर्यंत सोडलं ते तिच्या आईने. बोस्टनने बायकांना रीतसर घेतलं १९७२ साली, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती थेट १९८४ साली, लॉस एंजेलिसला. म्हणजे जळगावच्या भगिनी, तुमच्यावर गल्ली हसते, त्या काळी धावणाऱ्या बाईला सबंध जग "नाही" म्हणत होतं. मी खिडकीबाहेर बघत विचार करत होते: माझ्या आईने मला सोडलं असतं का? आणि इथे तर माझी मुलगीच मला सोडायला निघाली होती.

सकाळी सातला सुरुवात झाली. जुलै असूनही गारठा होता. त्या भागाला कार्नेरोस म्हणतात. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ एडके, कारण पूर्वी तिथे मेंढरं चरायची. जवळच खाडी आहे, तिचं धुकं सकाळी टेकड्यांवर चढून येतं. ह्या गारव्यामुळेच तिथे शार्दोने आणि पिनो न्वार ह्या थंडावा लागणाऱ्या द्राक्षांच्या जाती होतात. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षांचा वेल मांडवावर चढवतात, माणूस खालून वाकून जातो. तिथे वेल तारांवर, कंबर-छातीच्या उंचीचे, ओळीत उभ्या केलेल्या शाळकरी मुलांसारखे. ओळीच्या टोकाला गुलाबाचं झाड. भुरी रोगाची चाहूल आधी गुलाबावर लागते अशा समजुतीने ही जुनी पद्धत. घड हिरवे, टणक, वाटाण्याएवढे होते. तिथे हिवाळ्यात वेल झोपतो, म्हणून वर्षाला एकच छाटणी. आपल्या उष्ण हवेत तो झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन कराव्या लागतात. बाईसारखंच आहे! ज्याला आपणहून झोप नाही, त्याला जबरदस्तीने विश्रांती द्यावी लागते.

आता मुख्य गोष्ट, चढ.

कार्नेरोसचे चढ म्हणजे काही कसारा घाट नव्हे. कणकेचे गोळे ताटात ओळीने मांडावेत तशा टेकड्या. पण एक उतरून हुश्श करावं तो पुढचा गोळा समोर हजर. पहिले पाच-सहा किलोमीटर मी लेकीबरोबर होते. ती माझ्यासाठी हळू चालली होती, मी तिच्यासाठी जोरात पळत होते. दोघी एकमेकींचं मन राखत होतो आणि दोघींचाही श्वास बिघडला होता. एका लांब चढावर माझ्या बरगडीखाली कळ आली. मी थांबले.

"आई, थांबू नकोस! थांबलीस की पुन्हा सुरू होणार नाही."

मी पुन्हा पळाले. दहा पावलांत कळ दुप्पट. मग माझा आवाज जरा चढलाच, "तू जा गं पुढे!"

"आणि तुला एकटीला इथे सोडू?"

"जा म्हणते ना. हरवायला हा काय कुंभमेळा आहे?"

तिचा चेहरा उतरला. पण गेली. तिची निळी टोपी वळणाआड दिसेनाशी झाली आणि मला रडूच फुटलं. परक्या देशात, अनोळखी रस्त्यावर, चोपन्नाव्या वर्षी, मुलीच्या कपड्यांत मी डोळे पुसत उभी! बाजूने माणसं भराभर वर चालली होती. मागून एक गाडी येते, फार मागे पडलेल्यांना उचलून नेते, हेही ठाऊक होतं. मनात आलं, बसावं त्या गाडीत. ह्यांना सांगता येईल, गुडघा दुखला म्हणून. लगेच पटेल त्यांना.

तेवढ्यात आठवली ती आजी. आम्ही लहान असताना चैत्रात सप्तशृंगी गडाला जायचो. आम्ही पोरं पायऱ्या धावत चढायचो आणि पन्नासाव्या पायरीला धापा टाकत बसायचो. आजी साठीची, नऊवारीत, अनवाणी. ती एकसारख्या चालीने वर यायची, तोंडात देवीचं नाव. म्हणायची, "तोंडातलं नाव तुटलं की पाय थांबवायचा. नाव पुन्हा लागलं की पाय उचलायचा." आमच्या आधी ती देवळाच्या दारात! आज व्यायामशास्त्राची माणसं हेच सांगतात. बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत दम लागला, तर गती मध्यम आणि योग्य. बोलणंच तुटलं तर गती जास्त. आजीला हे शास्त्र कुणी शिकवलं होतं?

मी चढ चालत चढायला लागले. पाऊल छोटं, नजर दहा पावलं पुढे, टेकडीच्या माथ्याकडे बघायचंच नाही. साठ पावलं चालायची, मग नाव लागलं की साठ पावलं हळू पळायचं. कळ विरघळली. धुकंही वर उचललं गेलं आणि दोन्ही बाजूंना ओळीच ओळी उन्हात आल्या. दूरच्या डोंगरांवर काळे पट्टे होते. आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, नापा-सोनोमात भीषण वणवे लागून माणसं गेली, हजारो घरं जळाली. त्याच्या खुणा होत्या त्या. आणि त्यांच्या खाली हिरवेगार मळे.

तिथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती सांगण्यासाठीच खरं म्हणजे हा सगळा पसारा. चोपन्न वर्षांत मला माझी स्वतःची चाल माहीतच नव्हती! लग्न झालं ते ह्यांच्या मागे चार पावलं, ते लांब टांगा टाकत जाणार. मग मुलं बोटाला धरून, त्यांच्या चिमुकल्या पावलांनी. मग सासूबाईंना देवळात नेताना त्यांच्या काठीच्या ठेक्यावर. भाजी आणायला गेले तर गॅसवर दूध ठेवल्यासारखी धावत. आणि त्या दिवशी लेकीच्या पायांनी. कुणाच्या तरी चालीशी जुळवून घेणं हे वाईट नाही, संसार त्यावरच चालतो. पण आपली मूळ चाल कोणती, एवढं तरी ठाऊक हवं की नको? ती मला एका परदेशी टेकडीवर सापडली. फार वेगाची नाही हो. पण माझी आहे, आणि त्या चालीने मला कितीही चालता येतं.

मात्र शहाणपण आलं म्हणून वेडेपणा जातो असं नाही. पुढच्या उतारावर मला चेव आला आणि मी भन्नाट सुटले. लहानपणीसारखे हात पसरून! गंमत वाटली खरी, पण दुसऱ्या दिवशी लेकीच्या घरचा जिना उलटा, कठडा धरून उतरावा लागला. चढाने दम जातो, पण मांड्या दुखवतो तो उतार. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, आणि त्याचा ठणका एक-दोन दिवसांनी जास्त जाणवतो. उतारावर गुडघा किंचित वाकलेला, पाऊल छोटं, टाचेने ब्रेक लावायचा नाही. हे मला आधी सांगितलेलं होतं, पण ऐकेल ती मी कसली!

शेवटचे पाच किलोमीटर बरेचसे सपाट होते. दर थोड्या अंतरावर पाण्याची टेबलं. आपल्याला शिकवलेलं असतं की पाणी भरपूर प्या, म्हणून मी प्रत्येक टेबलाशी पेला उचलायला गेले असते. लेकीने आधीच बजावलं होतं, तहान लागेल तेवढंच. हे मात्र लक्षात ठेवा. तासन्‌तास घाम गेल्यावर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, भ्रम होतो, क्वचित जिवावरही बेततं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्यांचं रक्त तपासलं तेव्हा शंभरात तेरा जणांचं सोडियम कमी निघालं. शर्यत पुरी करायला जास्त वेळ घेणारे आणि धावताना वजन वाढलेले, त्यांना हा धोका अधिक. म्हणजे आपल्यासारख्या सावकाश जाणाऱ्यांनाच जपायला हवं.

सोनोमा गावाच्या मधोमध झाडांचा मोठा चौक आहे, कडेला १८२३ साली स्थापन झालेलं जुनं मिशन. तिथे शेवटची रेषा. मी पोचले तेव्हा २ तास ५८ मिनिटं झाली होती. लेक तीन पाव तास आधी पोचली होती. पदक गळ्यात, हातात माझी शाल, दोरीला टेकून माणसांच्या डोक्यांवरून टाचा उंचावून बघत होती. तिची शाळा सुटायच्या वेळी मी फाटकाशी अशीच उभी राहायचे. तिने मला पाहिलं आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "आई, मी सोडून जायला नको होतं गं." मी म्हटलं, "गेलीस म्हणून तर आले." मग दोघी रडलो, दोघी हसलो. चिक्की तिने खाल्ली.

आता तुमच्या मनातला प्रश्न. "ताई, वाइन घेतलीत का?" चौकात मांडव होते, पेले होते, सगळे हौसेने चाखत होते. मी शार्दोनेचे दोन घोट घेतले. मला ती आंबटच लागली. आपल्या द्राक्षांचं जिरेपूड घातलेलं सरबत मला केव्हाही बरं! यात पाप-पुण्य मी आणत नाही. पण दोन गोष्टी सांगते. घाम गाळून आल्यावर, रिकाम्या पोटी, तहानलेल्या अंगाने वाइन घेऊ नये. आधी पाणी, मीठ, खाणं. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणारीने तर मुळीच नाही, साखर एकदम खाली जाऊ शकते. "वाइन म्हणजे औषध" असं जे सांगतात तेही खरं नाही. प्रकृतीला सुरक्षित असं मद्याचं कोणतंच प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय.

आता कामाच्या चार गोष्टी. धावायचं म्हणणारीने कापून ठेवाव्यात.

सुरुवातीआधी: चाळिशीनंतर एकदा रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर दम लागतो तो चढामुळे नव्हे, रक्त कमी म्हणून. मग डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या, जेवणात पालेभाजीवर लिंबू, आणि चहा जेवणाबरोबर नको, तासाभराने. धावताना छातीत दाबल्यासारखं झालं, चक्कर आली, जबड्यात किंवा हातात कळ गेली, तर थांबायचं आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं.

बूट: साडीचा मोह जेवढा आवरता तेवढाच बुटाच्या रंगाचा आवरा. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. नव्या बुटात लांब पल्ला नको.

आतले कपडे: घट्ट आधार देणारी, धावण्यासाठीची खास काचोळी मिळते, तिच्यात कंजुषी करू नका. जिथे घासतं तिथे आधीच व्हॅसलीन लावा.

जे कुणी बोलत नाही ते: बाळंतपणं झालेल्या पुष्कळ जणींना धावताना, शिंकताना थेंबभर लघवी होते. लाजून धावणं सोडू नका. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा, पाच मोजेपर्यंत आवळून सोडायचे. भाजी चिरताना, बसमध्ये, कुठेही. तीन महिने नेटाने केलं तर बऱ्याच जणींना फरक पडतो. नाही पडला तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा.

घरचा तास: भाजी रात्री चिरून ठेवा, कणीक मात्र सकाळीच. आणि पहाटेचा चहा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावा, हे एकदाच, शांतपणे, सगळ्यांदेखत सांगून टाका. आमच्याकडे पहिले आठ दिवस दूध उतू गेलं. नवव्या दिवशी नाही गेलं. उतू गेलेलं दूध पुसायला मात्र मी गेले नाही, एवढं पथ्य पाळा!

जळगावच्या भगिनी, आता तुमच्या चढाबद्दल. उद्या तिथे पोचलात की पळूच नका. चढ चालत चढा, तोंडात एखादं नाव, स्तोत्र, पाढे, जे येत असेल ते. ते तुटलं की पाय थांबवा. माथ्यावर पोचलात की मग पळा. महिन्याभराने पाहा, त्याच चढावर नाव तुटायचं थांबेल. गल्लीतल्या बायकांकडे मान वळवून एकदा म्हणा, "येता का?" हसणाऱ्या चारांतली एक तरी येते, हा माझा अनुभव आहे. गोदापार्कात आम्ही आता सहा जणी आहोत, आणि त्यातल्या दोघी पूर्वी हसणाऱ्यांतल्या!

यजमानांचं म्हणाल तर धीर धरा. आमचे हे अजूनही गुडघ्याचं वाक्य टाकतात. पण रविवारी मी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला जाते, तेव्हा पायथ्याशी वर्तमानपत्र घेऊन बसतात. मी उतरून आले की घड्याळाकडे बघून म्हणतात, "आज दोन मिनिटं उशीर." म्हणजे मोजत असतात तर!

तुमच्या चढाचं काय झालं ते मला जरूर कळवा.

तुमची,
ताई